सूर चढला तर घोडी मागे: इलेक्ट्रिक गिटारचे सॅडल बदलताना

ट्यूनर सहाही तारांना हिरवा दिवा दाखवतो, पहिल्या तीन फ्रेटमधल्या (मानेवरच्या पडद्यांमधल्या) कॉर्ड ठीक वाजतात, आणि हात वर सरकला की गिटार बेसूर. अशा वेळी नवशिक्याला आधी स्वतःच्या कानावर संशय येतो, मग बोटांवर, आणि शेवटी रात्री अकरा वाजता तो ऑनलाइन सॅडलचा सेट मागवून मोकळा होतो. मीही हेच केलं होतं. चार दिवसांनी पाकीट आलं, सॅडल चकचकीत होते, आणि माझ्या ब्रिजवर बसतच नव्हते. ते का, ते पुढे येईलच.

आमच्या घरी काकांचा मिरजेचा तानपुरा होता. तार ज्या रुंद पट्टीवर टेकते तिला ते घोडी म्हणायचे. इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज म्हणजे तीच घोडी, फक्त सहा तुकड्यांत कापलेली, आणि त्यातला एकेक तुकडा म्हणजे सॅडल. सॅडल म्हणजे खोगीर, तेव्हा इंग्रजीतही घोडा काही सुटलेला नाही. हे सगळं ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने लिहावं हा निव्वळ योगायोग.

सतार वाजवणारा सूर जुळला नाही तर पडदा सरकवतो, कारण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले, ते हलत नाहीत. सरकवायला उरते ती घोडी. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजवर सहा तारांना सहा वेगळे सॅडल होते आणि प्रत्येकाला मागेपुढे करायचा स्वतःचा स्क्रू होता. आज ठाण्यात शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात ज्या गिटार दिसतात, त्यातल्या बहुतेकींची रचना हीच. म्हणून हा लेख मुख्यतः स्ट्रॅटसारख्या ब्रिजसाठी आहे. बाकीच्यांबद्दल शेवटाकडे थोडं.

नक्की बिघडतं काय

बारावा फ्रेट नट आणि ब्रिज यांच्या बरोबर मध्ये असतो. नट म्हणजे मानेच्या टोकाची खाचा असलेली पट्टी, तानपुऱ्यातलं तारगहन. बोल्टला लावतो तो नट नव्हे. तार निम्मी केली की वरचा सा मिळायला हवा. पण फ्रेटवर दाबताना तार थोडी ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. शिवाय तार म्हणजे काही मऊ दोरा नाही. ती ताठ असते, आणि जितकी जाड तितकी जास्त ताठ. या दोन्हीची भरपाई म्हणून प्रत्येक तारेला हिशेबापेक्षा एक-दोन मिलिमीटर, जाड तारेला त्याहून जास्त, लांबी द्यावी लागते. सॅडल मागे नेतो तो त्यासाठीच. तुमच्या गिटारचे सॅडल एका रेषेत नसून जिन्यासारखे दिसतात, तो कारखान्याचा गलथानपणा नाही.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. सॅडल पितळेचे आहेत, पोलादाचे आहेत की टायटॅनियमचे, याचा सूर जुळण्याशी संबंध नाही. संबंध आहे तो सॅडल कुठे उभे आहेत आणि तिथेच टिकतात का, याच्याशी. जुन्या सॅडलला योग्य जागी नेता येत असेल आणि ते तिथे राहत असतील, तर नव्या सेटचे पैसे तारांवर खर्च करा.

आधी तपासणी

नव्या तारा लावल्याशिवाय काहीही मोजू नका. सहा महिने वाजवलेली, घामाने आणि गंजाने असमान झालेली तार कुठल्याही सॅडलवर सुरात येत नाही. आपल्याकडे, खाडीच्या हवेत, तार पुण्यापेक्षा लवकर मरते. जो सेट कायम वाजवणार तोच लावा. आज नऊच्या तारांवर (सगळ्यांत बारीक तार ०.००९ इंच जाड असलेला सेट) जुळवून पुढच्या महिन्यात दहाच्या लावल्या, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तारा लावून हाताने हलक्या ओढा, सूर लावा, पुन्हा ओढा. सूर उतरायचा थांबला की तपासणीला सुरुवात.

गिटार मांडीवर, वाजवता तशीच धरा. टेबलावर आडवी ठेवून मोजलं तर मान वेगळी वाकते. केबल थेट ट्यूनरमध्ये लावता आली तर उत्तम. क्लिपचा ट्यूनर सूर लावायला पुरतो, पण दोन-तीन सेंटचा फरक त्यावर नीट दिसत नाही. फोनवर स्ट्रोब पद्धतीचं ॲप मिळालं तर तेही चालेल, फक्त पंखा बंद करा. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.

आता बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर, तार न दाबता, बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा वरचा सूर, वाजवा. तो ट्यूनरवर शून्यावर आणा. मग तीच तार त्याच फ्रेटवर दाबून वाजवा, नेहमी दाबता तेवढ्याच जोराने. नवशिक्याचा हात जड असतो. तार फ्रेटला टेकेपर्यंतच दाबायची, लाकडाला नाही. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा आला तर तारेची लांबी कमी आहे, सॅडल मानेपासून दूर न्यायचं. उतरलेला आला तर सॅडल मानेकडे. मी ब्रिजच्या डबीवर मार्करने लिहून ठेवलंय: चढला तर मागे, उतरला तर पुढे. दहा वर्षं झाली, तरी मी ते वाचतोच.

सहाही तारांचे आकडे कागदावर लिहा. दोन सेंटच्या आत असेल त्या तारेला हात लावू नका.

सॅडलचा दोष नसेल तर

बाराव्यावर सगळं जुळतंय, पण पहिल्या फ्रेटचा एफ कॉर्ड कानाला टोचतोय? मग दोष नटचा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर वाकून बघा. केसाएवढी फट हवी. चांगली मोठी फट दिसली तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि त्यावर सॅडल बदलणं म्हणजे दुखतंय डोकं आणि मलम गुडघ्याला. नटची खाच घासायचं काम पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या. जास्त घासलेली खाच परत भरत नाही.

मग मानेचा बाक. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळी, घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी. जून ते सप्टेंबर लाकूड दमटपणा पितं आणि बाक बदलतो. मे महिन्यात जुळवलेली गिटार गणपतीत बेसूर होते ती बऱ्याचदा यामुळे, सॅडल बिचारे जागचे हललेलेही नसतात.

त्यानंतर तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड ईला (सगळ्यांत जाड तार) सुमारे दोन मिलिमीटर आणि बारीक ईला (सगळ्यांत बारीक तार) दीडच्या थोडं वर, ही सुरुवातीला सोयीची मापं. उंची बदलली की दाबताना तार किती ताणली जाते तेही बदलतं, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. तारा, मान, उंची, आणि मगच सॅडल मागेपुढे.

स्ट्रॅटसारख्या गिटारवर आणखी एक चकवा आहे. पिकअपमधले, म्हणजे तारांखाली आवाज टिपणाऱ्या पट्ट्यांमधले, लोहचुंबक तारांच्या फार जवळ असले तर जाड तारांना खेचतात, सूर थरथरतो आणि ट्यूनरची सुई एका जागी थांबतच नाही. तसं दिसलं तर दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल करून पिकअप थोडा खाली उतरवा आणि पुन्हा मोजा.

बदलायचेच, हे कशावरून ठरवायचं

माझी स्वतःची फजिती सांगतो. जाड ईचं सॅडल मागे जाईना, स्क्रू घट्ट होऊन थांबला, तरी सूर चार सेंट चढाच. मला वाटलं, सॅडलची हद्द संपली. एका दुकानात तर मानच गेलीय, नवी गिटार घ्या, असं ऐकायला मिळालं. प्रत्यक्षात सॅडलमागची स्प्रिंग पूर्ण दाबली गेली होती, एवढंच. स्प्रिंग काढली, कटरने दोन वेढे कापले, परत घातली, आणि दीड मिलिमीटर जागा मोकळी झाली. एक मिलिमीटरने सुमारे पावणेतीन सेंट फरक पडतो, म्हणजे चार सेंटचं काम दोन वेढ्यांत झालं. तोवर नवा सेट येऊन पडला होता, तोही चुकीच्या मापाचा.

खरोखर बदलायची कारणं तीन-चारच. स्क्रूचे किंवा सॅडलचे आटे गेले, आणि वाजवता वाजवता सॅडल जागचं हलतं. उंचीच्या बारीक स्क्रूंना इतका गंज चढलाय की ॲलन की (षटकोनी चावी) फिरते पण स्क्रू फिरत नाही. तार दर वेळी सॅडलवरच, त्याच ठिकाणी तुटते, म्हणजे तिथे धार किंवा चर पडलाय. किंवा स्वस्त ओतीव जस्ताचं सॅडल चक्क तडकलंय. माझं शेवटी गंजानेच गेलं. दोन पावसाळे गिटार खिडकीपाशी उभी होती, चूक माझीच.

माप घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल

व्हर्नियर कॅलिपर असेल तर छान, नाहीतर स्टीलची पट्टी चालेल. ब्रिजवर जाड ईच्या मध्यापासून बारीक ईच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि पाचाने भागा. ५२.४ मिलिमीटर आलं तर सॅडल साडेदहाचे. ५४ आलं तर १०.८ चे, ५६.४ आलं तर ११.३ चे, म्हणजे जुन्या धाटणीचे. माझा ब्रिज ११.३ चा आणि मागवलेले सॅडल साडेदहाचे. शेजारी शेजारी ठेवले की मध्ये फटी, आणि बेंड केला, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढली, की सगळी रांग लोकलच्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखी एका बाजूला सरकायची. उलटी चूक केली, म्हणजे अरुंद ब्रिजसाठी रुंद सॅडल घेतले, तर सहावं बसणारच नाही.

दुसरं माप उंचीच्या स्क्रूंचं. ते जास्त लांब असले की सॅडलच्या वर येतात आणि तळहाताला टोचतात. पाम म्यूट करणाऱ्याला, म्हणजे तळहात ब्रिजवर टेकवून आवाज दबवणाऱ्याला, हे पहिल्या दिवशी कळतं. लांबी चुकलीच तर स्क्रू वेगळे मिळतात. मला वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने बारा स्क्रू चहा संपायच्या आत कापून दिले. तिसरं, ॲलन की. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारना दीड मिलिमीटरची लागते, अमेरिकन बनावटीच्या कित्येकांना ०.०५० इंचाची. दोन्ही जवळपास सारख्या दिसतात. सैल की घालून जोर केलात तर स्क्रूचं भोक गोल होतं, मग पुढची दुपार त्यातच जाते.

धातूबद्दल थोडक्यात. पत्रा वाकवून केलेले पोलादी सॅडल जुन्या स्ट्रॅटचे. पितळेचे मला थोडे गोल आवाजाचे वाटतात, पण तो माझा कान आहे. तारा फार तुटत असतील तर ग्राफटेक कंपनीचे वंगण मिसळलेले काळे सॅडल बघा. आपल्या हवेत गंजरोधक स्टीलचे स्क्रू सोबत येतात का, हे मी धातूपेक्षा आधी विचारतो.

बसवताना

आधी फोटो काढा, वरून आणि बाजूने. प्रत्येक सॅडल ब्रिजच्या पत्र्यापासून किती उंच आहे तेही लिहा. तरंगता ब्रिज असेल, म्हणजे सूर डोलवायची व्हॅमी दांडी लागणारा, तर तारा काढायच्या आधी मागचं झाकण उघडा. धातूचा ठोकळा आणि लाकूड यांच्या मधल्या जागेत लाकडाची चीप किंवा घडी घातलेला पुठ्ठा बसवा, म्हणजे ब्रिज हलणार नाही. हे विसरलात तर तारा काढताच मागच्या स्प्रिंगा ब्रिज आत खेचतात आणि पहिली स्थिती शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

तारा सैल करून काढा. गिटारखाली जुनी चादर आणि बाजूला स्टीलची वाटी. स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली की ती परत सापडत नाही, हा माझा पक्का अनुभव. मागून लांब स्क्रू सोडवा, सॅडल उचला, स्प्रिंग वाटीत. गंजलेल्या स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या आणि रात्रभर सोडा. लाकडावर आणि पिकअपवर तेल जाऊ देऊ नका. मोकळा झालेला पत्रा कोरड्या टूथब्रशने घासून घ्या, अशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

नवे सॅडल एकेक करून बसवा आणि तार भोकातून येऊन सॅडलच्या मध्यावर पडतेय का ते बघा. उंचीचे दोन्ही स्क्रू असे फिरवा की सॅडल तिरपं न राहता सपाट उभं राहील. सहा सॅडलनी मिळून फ्रेटबोर्डचीच गोलाई घ्यायला हवी. त्यासाठी गेज विकत घ्यायची गरज नाही. पेन्सिलीला दोरा बांधून पुठ्ठ्यावर वर्तुळाचा कंस काढा आणि कापा: साडेनऊ इंची गोलाईला २४१ मिलिमीटर त्रिज्या, जुन्या सव्वासात इंचीला १८४, बारा इंचीला ३०५. तुमच्या गिटारची गोलाई तिच्या माहितीपत्रकात असते. तारा ताणल्यावर हा पुठ्ठा ब्रिजजवळ तारांवर टेकवला की कुठली तार खाली आणि कुठली वर, लगेच दिसतं.

पहिली जागा अंदाजाने ठरते. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. स्ट्रॅटला साधारण ६४८ मिलिमीटर येतात. बारीक ईचं सॅडल त्याच्या एक-दोन मिलिमीटर मागे. दुसरी तार (बी) थोडं आणखी मागे, तिसरी (जी) त्याहून मागे. मग डी येते, गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली. ती जीच्या पुढे उडी मारते, कारण तिच्या आतला गाभा बारीक असतो. ए पुन्हा मागे, आणि जाड ई सगळ्यांत मागे. तीन पायऱ्या मागे, एक उडी पुढे, पुन्हा तीन पायऱ्या मागे, असा जिना.

तारा लावा, पुठ्ठा किंवा चीप काढा, सूर लावा, उंची तपासा. आता पुन्हा ते हार्मोनिक आणि दाबलेला सूर. स्क्रू फिरवण्याआधी ती तार दोन-तीन फेऱ्या सैल करायची. ताणलेल्या तारेखाली सॅडल ओढलं तर तार घासते आणि आटे जातात. लांब स्क्रू एम ३ चा असेल तर एका फेरीत सॅडल अर्धा मिलिमीटर सरकतं, म्हणजे सुमारे सव्वा सेंट. पाच सेंट चढा असेल तर सरळ चार फेऱ्या मागे घ्या आणि मग मोजा. अर्ध्या अर्ध्या फेरीने चाचपडत बसलात तर तासभर कुठे जात नाही. प्रत्येक बदलानंतर तार परत सुरात, मगच मोजणी. तरंगत्या ब्रिजवर एक तार बदलली की बाकीच्या पाच हलतात, म्हणून सगळ्या तारांवरून दोनदा फिरावं लागतं. मला पहिल्यांदा तीन तास लागले होते. आता चाळीस मिनिटं, चहा धरून.

बारावा जुळला की पाचवा, सातवा आणि पंधरावा फ्रेटही वाजवून बघा. सगळीकडे शून्य येणार नाही. तीनेक सेंटच्या आत आलं तर ट्यूनर बंद करा.

इथे सॅडलचं काम संपतं

हे सगळं करूनही एखादा तीक्ष्ण कान म्हणेल की मेजर कॉर्डमधला गंधार चढा लागतोय. बरोबर आहे, तो चढाच असतो. तानपुरा जवारीवर नीट बोलत असला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर. गिटारचे फ्रेट मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले, त्यामुळे तिचा गंधार ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक. हार्मोनियमवर आपल्याकडे जो जुना रोष आहे आणि १९४० साली आकाशवाणीने ज्या पेटीला दार बंद केलं, त्या वादात हाही एक मुद्दा होता. शास्त्रीय ऐकणाऱ्या घरातली मुलं गिटार शिकायला लागली की त्यांना हे हमखास खटकतं, आणि ती सॅडल पिळत बसतात. एका कॉर्डसाठी जी तार उतरवाल ती दुसऱ्या कॉर्डमध्ये उतरलेली लागेल.

बाकीच्या ब्रिजबद्दल. टेलिकास्टरवर जुन्या धाटणीचे तीन सॅडल असतील तर दोन तारांमागे एक. तिथे दोघींमध्ये तडजोड करावी लागते, आणि तिरके कापलेले तीन सॅडल बसवले तर ती तडजोड बरीच सुसह्य होते. हा बदल पैसे वसूल करणारा. लेस पॉलसारख्या गिटारच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर नव्या सॅडलना बऱ्याचदा खाचा घासून पाडाव्या लागतात. बारीक कानशी नसतील आणि सराव नसेल तर ते काम कारागिराला द्या. फ्लॉइड रोज नावाच्या तरंगत्या ब्रिजमध्ये सॅडल स्क्रूने घट्ट आवळलेलं असतं, तार पूर्ण सैल करून ते हाताने सरकवायचं. पहिल्या गिटारवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

काढलेले जुने सॅडल, स्प्रिंगा आणि स्क्रू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गिटारचं नाव आणि ब्रिजचं माप लिहून, गिटारच्या बॅगेच्या खिशात ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी टाका. वाजवून झालं की ब्रिज कोरड्या फडक्याने पुसा, मृग लागायच्या सुमाराला उंचीच्या स्क्रूंना टाचणीच्या टोकाने तेल द्या, आणि दसऱ्याला हवा कोरडी होऊ लागली की बाराव्या फ्रेटची तपासणी पुन्हा एकदा करून ते आकडे आधीच्याच कागदावर, जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा.